ठपका चुकीच्या टेबलावर

न्यायालयातल्या दिरंगाईचा विषय कोल्हापुरात निघाला की तो फार लवकर एका माणसावर येऊन थांबतो. न्यायाधीश निकाल द्यायला तयार आहेत, वकील युक्तिवादाला उभे आहेत, पक्षकार हेलपाटे घालून दमला आहे. आणि या तिघांच्या मध्ये फाइल दाबून बसला आहे तो कचेरीतला लिपिक. बार रूममध्ये हे बोलले जाते, कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलाबाहेर चहा पिताना बोलले जाते, अधूनमधून व्यासपीठावरूनही बोलले जाते. त्याला जोडून उपायही येतो: सगळे संगणकावर टाका, म्हणजे या मधल्या माणसाची गरजच उरणार नाही.

असे बोलणाऱ्यांचा त्रास खोटा नाही. ज्याच्या घरात वाटणीचा दावा बापाकडून मुलाकडे आला, त्याला राग येणारच, आणि राग समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो. न्यायाधीशांना जाब विचारता येत नाही. वकिलाशी पुढेही काम असते, त्याला दुखवता येत नाही. खिडकीपलीकडचा कनिष्ठ लिपिक तेवढा हाताशी सापडतो. पण जो हाताशी सापडला तोच दोषी, असे धरून चालले तर खरे कारण तसेच राहते आणि पक्षकाराचे हेलपाटेही तसेच राहतात.

विलंब कुठे होतो याचा अंदाज बांधत बसण्याची आता गरज नाही. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड २०१५ सालापासून चालू आहे. देशभरातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांतले चार कोटींहून अधिक प्रलंबित खटले त्यात नोंदलेले आहेत आणि खटला का रखडला याचे कारणही त्यात भरले जाते. ३० डिसेंबर २०२२ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आंध्र प्रदेशात बोलत होते. त्यांनी याच ग्रिडचा आधार घेऊन सांगितले की ६३ लाखांहून अधिक खटले वकील उपलब्ध नसल्यामुळे अडले आहेत आणि १४ लाखांहून अधिक खटले कुठल्या ना कुठल्या दस्तऐवजाची किंवा अभिलेखाची वाट पाहत आहेत. दुसऱ्या आकड्यातला काही भाग कचेरीच्या माथी येईल, येऊ द्या. पण पहिला आकडा त्याच्या चौपटीहून मोठा आहे आणि त्याबद्दल चहा पिताना कोणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट या आकड्यांच्या मागे आहे. ही कारणे ग्रिडमध्ये आपोआप उमटत नाहीत. प्रत्येक न्यायालयात दिवसाचा बोर्ड संपल्यावर कोणीतरी बसून प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख, टप्पा आणि रखडण्याचे कारण भरतो. ज्याच्यावर विलंबाचा ठपका ठेवला जातो, त्याच्याच बोटांनी विलंबाचा हा देशव्यापी हिशेब तयार झाला आहे. सरन्यायाधीशांनी त्यावर विश्वास ठेवला, संसदेत त्याचा आधार घेतला जातो, वर्तमानपत्रे त्यावर मथळे करतात. तो हिशेब ठेवणाराच कामचुकार, असे म्हणणाऱ्याने आधी तो हिशेब वापरणे सोडावे.

मग लिपिकाच्या टेबलावर घडते तरी काय? समजा, गडहिंग्लजच्या न्यायालयात शेतजमिनीच्या वाटणीचा दावा आला. दाखल विभागातला लिपिक आधी कोर्ट फी तपासतो, वकालतनामा आणि कागदांची फेरिस्त पाहतो, प्रतिवादींचे पत्ते पुरते आहेत का ते बघतो, दावा मुदतीत आहे का याचा हिशेब करतो. हा हिशेब वाटतो तेवढा सोपा नाही. कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कालावधी मुदतीतून वगळला. त्या काळात ज्यांची मुदत संपत होती, त्यांचे दिवस वेगळ्या रीतीने मोजावे लागतात. यात त्रुटी काढली की वकील चिडतात, न काढली की पुढे दावा त्यावरच अडतो. मग दाव्याला नंबर पडतो आणि सोळा अक्षरा-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. प्रत्येक कागदावर निशाणी पडते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी वकिलाला निशाणी ५ म्हटले की मनाईचा अर्ज कळतो, कारण शंभर दाव्यांत शंभर वेळा तो कागद त्याच जागी सापडतो. ती शिस्त कोणीतरी पाळत आलेला आहे.

त्यानंतर समन्स निघायचे. वादीने भत्ता भरला तर नाझर विभागाकडून बेलीफ जातो. चंदगडच्या टोकाच्या वाडीत प्रतिवादी नसेल, तो मुंबईला गिरणगावात किंवा पुण्याला चाकणला गेला असेल, तर समन्स 'मिळून येत नाही' असा शेरा घेऊन परत येते. वादीने नवा पत्ता देईपर्यंत दावा जागचा हलत नाही. कैफियत द्यायला कायद्याने ३० दिवस दिले आहेत आणि न्यायालयाने सवलत दिली तर ९०. सुनावणी चालू झाल्यावर एका पक्षकाराला तीनहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात लिहिलेले आहे. मुदत अर्ज येतो, त्यावर समोरच्याचे म्हणणे येते, आदेश होतो. लिपिक तो अर्ज मंजूरही करत नाही, नामंजूरही करत नाही. न्यायाधीश रजेवर असले तर त्या दिवसाच्या प्रकरणांना पुढच्या तारखा कचेरीतून लागतात, हे खरे. तेवढे सोडले तर तारीख देणारा तो नव्हे.

याच वाटणीच्या दाव्याचा शेवट तर आणखी बोलका आहे. न्यायालयाने हिस्से ठरवले, हुकूमनामा झाला. सरकारला सारा देणारी शेतजमीन असेल तर संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून कागद तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेख कार्यालयाकडे, मग मोजणीची तारीख, मग हरकती. यात वर्षे जातात. पक्षकार मात्र विचारायला न्यायालयातच येतो, कारण त्याचा दावा तिथे चालला होता. खिडकीतला लिपिक त्याला जावक क्रमांक आणि तारीख सांगतो. त्याच्या हातात तेवढेच असते. पक्षकार बाहेर येऊन सांगतो, कोर्टातला क्लार्क नुसता नंबर देतो, काम करत नाही. तोपर्यंत त्याचा कागद दोन सरकारी कार्यालये ओलांडून तिसऱ्यात पडलेला असतो.

लिपिकाचे लिहिणे म्हणजे केवळ कारकुनी, निकाल लावणे तेवढे न्यायदान, ही समजूत तर सर्वोच्च न्यायालयानेच खोडली आहे. पंजाबातले जंगसिंग विरुद्ध ब्रिजलाल हे प्रकरण. जमिनीच्या अग्रहक्काच्या दाव्यात जंगसिंगच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि उरलेली रक्कम ६ जानेवारी १९५८ पर्यंत भरण्याचा आदेश झाला. न भरल्यास दावा फेटाळला जाणार होता. रक्कम होती ४,९५१ रुपये. शेवटच्या दिवशी त्याने भरण्याची परवानगी मागितली आणि न्यायालयाच्या कारकुनाने चलन तयार केले ४,९५० रुपयांचे. एक रुपया कमी. त्याने चलनाप्रमाणे पैसे भरले. त्या एका रुपयासाठी वाद वरपर्यंत गेला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसता कामा नये. निवाड्यात ती चूक एका नोकराची खासगी चूक म्हणून बाजूला टाकलेली नाही. ती न्यायालयाची चूक ठरली.

हे नीट लक्षात घ्यायला हवे. लिपिकाची चूक जर न्यायालयाची चूक असेल, तर त्याचे बरोबर काम हेही न्यायालयाचेच काम आहे. चूक झाली की तो न्यायालय, आणि काम केले की मधला माणूस, असे दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही.

हे रोजनाम्यात सर्वांत स्पष्ट दिसते. कोण हजर होते, कोणी काय अर्ज दिला, काय आदेश झाला, हे त्यात दररोज लिहिले जाते. खाली न्यायाधीशांची सही असते, मजकूर बहुतेक वेळा बेंच क्लर्कने लिहिलेला असतो. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या १९८२ च्या निवाड्यात, जो माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्धच्या फिर्यादीतून निघाला होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यायालयात काय घडले याबद्दल न्यायालयाची नोंद अखेरची मानायची. बाहेर येऊन प्रतिज्ञापत्राने ती खोडता येत नाही. म्हणजे संध्याकाळी चार ओळी लिहिताना लिपिकाने 'प्रतिवादी गैरहजर' ऐवजी 'प्रतिवादीचे वकील हजर' असे लिहिले तर एकतर्फी आदेश राहतो की जातो, हे त्या शब्दांवर ठरते. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे असताना हे लिहायचे असते.

नक्कल विभागाचेही तसेच. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९०. नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतो. त्यासाठी प्रमाणित नकलेच्या पाठीवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख लिहिलेली असते. तीन तारखा, एक शिक्का, एक सही. त्यांच्यावर एखाद्याचे घर किंवा शेत अपिलात वाचू शकते. या तीन तारखा लिहिणाऱ्याला अडसर म्हणणे म्हणजे स्वतःच्या अपिलाच्या पायाला अडसर म्हणणे आहे.

कोल्हापूरकरांना आठवत असलेले एक प्रकरण इथे मांडायलाच हवे. लहान मुलांचे अपहरण आणि खून केल्याबद्दल रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २८ जून २००१ रोजी फाशीची शिक्षा सुनावली. ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. कारण, दयेच्या अर्जांचा निकाल लागायला ७ वर्षे, १० महिने आणि १५ दिवस लागले होते. इतक्या गंभीर गुन्ह्यातली शिक्षा बदलली ती दिरंगाईमुळे, आणि उच्च न्यायालयाने बोट ठेवले ते राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांच्या ढिलाईवर. खटला ऐकणारे न्यायालय, साक्षी नोंदवणारी कचेरी, यांच्या टेबलावर तो काळ गेला नव्हता. दिवसांपर्यंत मोजलेला हा हिशेब मांडता आला तो कागदावरच्या तारखांमुळे. नोंद ठेवणारे कोणी नसते तर दिरंगाई कोणाची, हे ठरवताच आले नसते.

आता संगणकाच्या मुद्द्याकडे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले २,०३८ कोटी केवळ जुने-नवे अभिलेख स्कॅन करून जपण्यासाठी आहेत. हा खर्च योग्य आहे आणि त्याला विरोध करण्याचे काहीही कारण नाही. पण स्कॅनरसमोर कागद आपल्या पायांनी चालत येत नाहीत. अभिलेख कक्षातून गठ्ठा काढायचा, लाल फीत सोडायची, टाचण्या काढायच्या, कुरतडलेले पान सरळ करायचे, पृष्ठक्रमांक जुळवायचे, स्कॅन झाल्यावर एकेक पान मूळ कागदाशी ताडून पाहायचे, मग पुन्हा त्याच क्रमाने बांधायचे. कोल्हापुरात यात भर पडते ती संस्थानी कागदांची. इथे संस्थानाचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. इनाम, वतन, देवस्थान यांचे दावे निघाले की मोडी कागद आजही पुढे येतात, सीमेलगतच्या गावांतून कानडी कागदही येतात. ते नेमके कुठल्या गठ्ठ्यात आहेत, हे जुन्या लिपिकाला ठाऊक असते. संगणकाला ते कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

नावांचे घ्या. पक्षकाराच्या नावाने खटला शोधण्याची सोय चांगलीच आहे. परंतु करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांत पाटलांची आणि चौगुल्यांची संख्या किती! त्यात कोणी चौगले लिहितो, कोणी चौगुले. इंग्रजीत त्याच नावाची चार स्पेलिंगे होतात. दाखल करताना लिपिकाने एक अक्षर चुकवले तर पक्षकाराला मोबाइलवर स्वतःचा खटला सापडत नाही. त्याने बरोबर लिहिले तर पक्षकार म्हणतो, संगणकामुळे सोय झाली. ई-फाइलिंगनेही काम कमी झालेले नाही, त्याचे रूप बदलले आहे. घरबसल्या पाठवलेल्या फाइलीत पान उलटे आहे, वकालतनाम्यावर सही नाही, प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही, हे पाहणारा माणूसच असतो, आणि कागदी प्रतही अनेकदा सोबत सांभाळावी लागते.

नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुने दंड विधान, नंतरच्यांना नवी न्याय संहिता. एकाच टेबलावर दोन्हींची कलमे, दोन्हींची वर्गवारी. याच नव्या कायद्यांपैकी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ सांगते की न्यायालयापुढे आलेल्या मुद्देमालाची यादी १४ दिवसांत करायची, त्याची छायाचित्रे किंवा चित्रफीत काढायची आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश करायचा. तरतूद उत्तम आहे. जप्त मोटारसायकली आणि ट्रॅक्टर पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडतात, ते थांबायला हवे. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ते बजावले होते. पण यादी करायची, लेबल लावायचे, नोंदवही जुळवायची, छायाचित्र त्या त्या प्रकरणाला जोडायचे, यासाठी मुद्देमाल लिपिक लागतो. कायद्याने दिवस मोजून दिले, हाताखाली माणसे मात्र मोजून दिली नाहीत.

ही माणसे कमी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन व नियोजन केंद्राने २०२३ च्या अहवालात दाखवले: देशातल्या जिल्हा न्यायालयांत मंजूर कर्मचारी-पदांपैकी पाव हिश्शाच्या आसपास पदे रिकामी. न्यायाधीशांचेही वेगळे नाही. १९८७ साली विधी आयोगाने आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असे सुचवले. आज त्याच्या निम्म्यापर्यंतही देश पोचलेला नाही. न्यायाधीश कमी, म्हणून बोर्ड फुगलेला. कर्मचारी कमी, म्हणून फुगलेल्या बोर्डाचे कागद एकट्याच्या टेबलावर.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात काढली. त्यात कनिष्ठ लिपिकाची पदे २,७९५ होती. इतकी पदे एकदम भरावी लागणे, हेच तोवर किती टेबले रिकामी होती ते सांगते. अट काय होती, तर पदवी, इंग्रजी टंकलेखन मिनिटाला ४० शब्द, मराठी ३० शब्द, संगणकाचे प्रमाणपत्र. मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून. पदवीधर, दोन भाषांत टंकलेखन करणारा, मुदत कायद्याचे दिवस मोजणारा आणि रोजनामा लिहिणारा माणूस व्यवस्थेने या वेतनावर घेतला आणि त्याला कायद्याचे पद्धतशीर प्रशिक्षण जवळजवळ दिलेच नाही. तो शिकतो ते शेजारच्या वरिष्ठ लिपिकाकडून, काम करता करता.

न्या. जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाने न्यायाधीशांबरोबर न्यायालयीन कर्मचाऱ्यांचाही विचार केला होता. त्या शिफारशी १ एप्रिल २००३ पासून लागू करा, असे राज्यांना सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २००९ साल उजाडले. दुसरा आयोग न्या. वेंकटराम रेड्डी यांचा. त्याच्या कक्षेत फक्त न्यायिक अधिकारी होते. न्यायाधीशांना त्यांचे मिळाले, मिळायलाच हवे होते. त्यांच्या समोर खाली बसून रोजनामा लिहिणाऱ्याचा विचार कोणत्या आयोगाने करायचा, हे कोणी सांगितलेले नाही.

आता आरोपातला जो भाग खरा आहे त्याबद्दल. चहापाणी मागितले जाते. नक्कल लवकर हवी, समन्स आजच काढायचे, प्रकरण बोर्डावर वर घ्यायचे, यासाठी पैसे घेतले जातात आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात न्यायालयीन कर्मचारी सापडल्याच्या बातम्या येतात. यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. गरीब पक्षकाराकडून शंभर रुपये काढणारा लिपिक गुन्हेगार आहे आणि त्याला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झालीच पाहिजे. पण अशा लाचेला जागा कुठे मिळते ते पाहा. जिथे नकलेचा अर्ज कितव्या क्रमांकावर आहे हे अर्जदाराला दिसत नाही, तिथे. जिथे एका टेबलावर तीन टेबलांचे काम साचले आहे आणि आधी कोणाचे करायचे हे एकाच माणसाच्या मर्जीवर राहिले आहे, तिथे. पैसे मोजून आपले काम पुढे सरकवणारा वकील किंवा पक्षकार यात असतोच, त्याशिवाय हा व्यवहार पुरा होत नाही. काहींच्या लाचेवरून सगळ्या कचेरीला चोर ठरवायचे आणि जी टंचाई लाचेला पोसते तिच्याबद्दल गप्प राहायचे, यातून एकही नक्कल एक दिवस लवकर मिळणार नाही.

लेखणी कोणाच्या हाती असावी हा प्रश्न या शहराने एकदा फार धीटपणे सोडवला आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. गावचे दप्तर एका घराण्याकडे वंशपरंपरेने राहिले की रयतेची लुबाडणूक होते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी दप्तर जाळले नाही, लेखणी मोडली नाही. ती वेतन घेणाऱ्या, बदली होऊ शकणाऱ्या, जाब विचारता येणाऱ्या माणसाच्या हातात दिली. आज कचेरीतल्या लबाडीवर उपाय शोधणाऱ्यांनी हा रस्ता पुढे न्यावा: पदे भरा, पगार द्या, शिकवा, आणि मग चोख जाब विचारा.

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आल्याने कचेरीचे काम वाढणार आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले कोल्हापुरात चालू लागली. पूर्वी खालच्या न्यायालयाचा मूळ अभिलेख मागवला गेला की गठ्ठे बांधून सुमारे पावणेचारशे किलोमीटरवर मुंबईला पाठवावे लागत. आता ते कसबा बावड्यातून भाऊसिंगजी रोडवरच्या बेंचकडे पाठवायचे आहेत. अंतर कमी झाले, पण पाठवण्याआधीची पृष्ठांकने, अनुक्रमणिका, निशाण्यांची जुळवणी आणि प्रमाणित करण्याचे काम तेवढेच राहिले. उंबरठा जवळ आला की अपिले वाढतात, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बेंचसाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ झगडलेल्या वकिलांनी या कामासाठी पुरेशी माणसे मागावीत, ही त्यांच्याकडून रास्त अपेक्षा आहे. त्यांच्याच अशिलांचे त्यात हित आहे.

माणसे वाढवण्याबरोबर त्यांना अधिकारही द्यायला हवेत. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दिवाणी दाव्याच्या समन्सवर सही क्लर्क करतो. प्रतिवादी हजरच झाला नाही तर तिथल्या दिवाणी प्रक्रियेच्या नियम ५५ प्रमाणे त्याची कसूर क्लर्क नोंदवतो, आणि दाव्याची रक्कम ठरलेली असेल तर ठरावीक प्रकरणांत निकालही तोच नोंदवतो. न्यायाधीशांचा वेळ जिथे खरा वाद आहे तिथे खर्च होतो. भारतात समन्स बजावून आले किंवा न बजावता परत आले, भत्ता भरला नाही, नवा पत्ता दिला, अशा कितीतरी गोष्टींसाठी प्रकरण न्यायाधीशांपुढे येते, पुकारा होतो, तारीख पडते. पक्षकाराचा एक दिवस आणि एसटीचे भाडे त्यात जाते.

यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२८ मध्ये न्यायालयाच्या अधिकाऱ्यांकडे न्यायिक, अर्धन्यायिक आणि इतर कामे सोपवण्याचे नियम करता येतील असे स्पष्ट लिहिले आहे. असे नियम उच्च न्यायालयाने करायचे, राज्य सरकारची मान्यता घ्यायची, एवढेच. त्यांचा विचार करणाऱ्या नियम समितीची रचना कलम १२३ मध्ये दिली आहे: उच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश, दोन वकील आणि खालच्या दिवाणी न्यायालयाचे एक न्यायाधीश. जो समन्स काढतो, जो निशाणी टाकतो, जो नकलेवर तारखा लिहितो, त्याला त्या समितीत जागा नाही. कायदा बदलेपर्यंत ती मिळणारही नाही. पण साक्ष घ्यायला कोणी मनाई केलेली नाही. समितीने गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूर इथल्या दाखल विभागातले चार लिपिक, एखादा नाझर आणि एखादा बेलीफ बोलावून त्यांना विचारावे की न्यायाधीशांपुढे न जाता कोणती कामे त्यांच्या टेबलावर त्याच दिवशी संपू शकतील, आणि ती यादी नियमांच्या मसुद्यात घालावी.